बाईंना विचारा : मुलांना मोर्चाला नेताना

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पत्रं थोडी आटोपती केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

पत्र पहिलं

बाई, सप्रेम नमस्कार. पहिली ते चौथी मी तुमच्या हाताखाली शिकले. आता दोन मुलांची आई आहे. आमचं घर रापणीवर (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यावर) आणि एका छोट्या होडीवर चालतं. रात्री समुद्रात लख्ख दिवे लावून मासा गोळा करतात, तो सगळा एका जाळ्यात जातो आणि आमच्या रापणीला कधी कधी नुसता कचरा येतो. हे थांबवावं म्हणून पुढच्या महिन्यात ओरोसला कलेक्टर कचेरीवर मोर्चा आहे. वाडीतल्या सगळ्या बायका जाणार. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघंही 'आम्ही येणार' म्हणून बसलीत. सासूबाई म्हणतात, पोरांचं काय काम तिथं? नवरा म्हणतो, त्यांच्याच पोटाचा प्रश्न आहे, बघू देत. न्यावं का? आणि काय सांगून न्यावं?
– एक आई, मालवण तालुका

बाय, पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. 'ळ'ची शेपटी अजून तशीच खाली लोंबते.

मुलीला ने. मुलाला विचार, त्याचं 'हो' दोन-तीन दिवस टिकतं का बघ, आणि टिकलं तरी त्याला शेवटचा तुकडाच चालव. सासूबाईंचं म्हणणं मात्र झटकून टाकू नकोस. 'पोरांचं काय काम' हा प्रश्न अगदी बरोबर आहे. मुलांचं तिथं काम असेल तरच त्यांना न्यायचं. गर्दी दिसावी म्हणून न्यायचं नाही. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणूनही शक्यतो नाही. आणि पोरं पुढं उभी केली की पोलीस काठी उगारत नाहीत, या हिशेबानं तर कधीच नाही. हा हिशेब मी आपल्याच किनाऱ्यावर एका जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकला आहे, आणि मला त्याचा अजून राग आहे. प्रश्न कितीही न्यायाचा असो, मुलांची ढाल करायची नाही.

मग मुलांचं काम काय? मागणं. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या दारापर्यंत सगळ्यांनी मिळून चालत जायचं आणि मागायचं, याला मोर्चा म्हणतात. म्हणून आदल्या रात्री अंथरुणं घालताना दोघांना विचार, 'उद्या आपण कोणाकडे चाललोय आणि काय मागतोय?' आपल्या शब्दांत सांगता आलं तर ती मोर्चेकरी. नाही सांगता आलं तर ती आईच्या पदराला धरून आलेली मुलं, आणि ती आजीजवळ राहिलेली बरी.

मुलीला सरळ सगळं सांगता येईल. दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारनं २०१७ सालीच बंदी घातली आहे. पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर राज्य सरकारनं त्याच्या आदल्या वर्षी मर्यादा घातल्या. म्हणजे आपण नवीन काही मागायला चाललेलो नाही, असलेला नियम सगळ्यांना पाळायला लावा एवढंच मागतोय. नऊ वर्षांच्या मुलीला हे पटकन कळतं, कारण लगोरीत रोज तेच भांडण असतं. मुलाला पावसाच्या पहिल्या सरीनंतरचा पडवीतला बल्ब आठवायला सांग. बल्बखाली पाखरं कशी जमतात, लहान-मोठी, सगळ्या जातीची? समुद्रात दिवा लावला की मासे तसे जमतात, आणि मग अंडी न घातलेली पिल्लंसुद्धा एका फटक्यात जाळ्यात जातात. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरे. बंदी, अध्यादेश, परवाने यांत त्याला ओढू नकोस.

मिळून मागणं म्हणजे काय, हे मात्र त्यांना रापणीवरूनच सांग. मी पहिलीच्या वर्गावर होते तेव्हा एका मुलीनं रापणीचं चित्र काढलं होतं. (ती तू नव्हेस, तुझ्या पुढच्या वर्षांतली.) होडी काढली, जाळ्याचा अर्धगोल काढला, किनाऱ्याकडं येणारे दोन दोर काढले, आणि दोर कागदात मावेना. तिनं डब्यातल्या भाताच्या शितानं दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा. दोराला धरून मागं रेललेली माणसं मी मोजली, एका बाजूला तेरा आणि दुसऱ्या बाजूला तेरा. कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं की एक दोर पुढं आणि दुसरा मागं राहिला तर जाळं वाकडं येतं आणि मासा कडेनं निसटतो. एका दोराच्या अगदी टोकाला एक माणूस गुडघ्याएवढं होतं. 'ह्यां कोण?' म्हणून विचारलं तर म्हणाली, 'ता मी.' तिच्या ओढण्यानं जाळं कितीसं पुढं येणार? पण वाटे पडताना तिच्याही फ्रॉकच्या ओच्यात मूठभर पेडवे पडायचे, आणि वाडीतलं कुणी 'तू कशाला मध्ये?' असं म्हणायचं नाही. मोर्चात मुलांची जागा तिथं आहे, दोराच्या टोकाला, मोठ्यांच्या मागं. बॅनर धरायला पुढं नाही.

आता नाजूक गोष्ट. ज्या बोटींविरुद्ध तुम्ही जाणार आहात, त्या बोटींवर खलाशी म्हणून जाणाऱ्या माणसांची मुलं तुझ्या मुलीच्याच वर्गात असतील. माझ्या वर्गात एका बाकावर बसणारी अशी दोन मुलं होती. समुद्रात दोन बाजूंची बाचाबाची झाली त्या आठवड्यात दोघांनी बाकाच्या मधोमध दप्तरं उभी केली. डबा वेगळा, पाणी वेगळं. ती दप्तरं खाली यायला दिवाळीची सुट्टी उजाडली, आणि त्यात माझ्या समजावण्यापेक्षा क्रिकेटच्या एका चेंडूचा वाटा मोठा होता. म्हणून मोर्चाच्या आधीच मुलीला सांगून ठेव : आपलं भांडण मासा कसा मारतात याच्याशी आहे, अमक्याच्या बाबांशी नाही. खलाशी पगारावर जातो, बोट त्याची नसते. परत आल्यावर त्या मुलाशी ती पहिल्यासारखी खेळली तर तिला सगळं कळलं असं समज.

घोषणांचंही तेच. 'मुर्दाबाद' मुलांच्या तोंडी नको. मुर्दा म्हणजे मेलेला, हे कळल्यावर एका मुलानं मला विचारलं होतं, 'बाई, मग तो साहेब आता मरतलो?' त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. मुलांना त्यांची घोषणा स्वतः करू दे. 'दर्या सगळ्यांचो, नियम सगळ्यांका' असं काहीतरी त्यांच्याच बोलीतलं. आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर रंगानं लिहू दे, चुका सुधारू नकोस. फक्त पुठ्ठा काठीला लावू नका, हातात धरा. गर्दीत काठी नेमकी मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येते.

शिवाय मुलीला मार्च २०१८ची गोष्ट सांग. नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांतले बरेचसे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. शेवटच्या टप्प्यात दहावीच्या मुलांची परीक्षा होती. सकाळी एवढी माणसं रस्त्यानं निघाली असती तर मुलांना केंद्रावर पोचायला अडचण आली असती. म्हणून पायांना फोड आलेली ती माणसं न झोपता, सायनच्या सोमय्या मैदानातून रातोरात चालत आझाद मैदानात गेली. ज्यांच्याशी भांडण नाही त्यांना त्रास द्यायचा नाही, हे मुलीला या गोष्टीतून आपोआप कळेल.

आता तयारीचं. हे मला फार जपून सांगायचं आहे, कारण मी स्वतः यात चुकले आहे.

१९९२ सालचा मे महिना. मी तेव्हा ज्या गावात राहत होते तिथली नळपाणी योजना दोन उन्हाळे कोरडी पडली होती. टाकी उभी, नळ उभे, पाण्याचा पत्ता नाही. बायकांनी तालुक्याच्या कचेरीवर हंडा मोर्चा नेला. सुट्टीच होती, मीही गेले, चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन. त्याला काय सांगितलं होतं? काहीच नाही. निवेदनावर सह्या करायला मी पुढं गेले, मुलाला शेजारणीकडं दिला, शेजारणीला वाटलं मी परत घेतला, आणि मूल नाही. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी त्या कचेरीच्या आवारातल्या विहिरीत दोनदा डोकावले. मुलगा सापडला एसटी स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात, बाकाखाली बसलेला. मालकानं त्याला बिस्कीट दिलं होतं. आज तो पस्तिशी ओलांडलेला आहे. हरवल्याचं त्याला आठवत नाही. मोर्चातलं त्याला एवढंच आठवतं, आणि ते तो अजून तशाच शब्दांत सांगतो, 'आये, पाणी मागूक गेलंव आणि माकाच पाणी नाय गावला.' पन्नास रिकामे हंडे नेले होते आम्ही. मुलासाठी भरलेली एक बाटली मी घेतली नव्हती.

म्हणून बाय, पाणी. प्रत्येक मुलाची वेगळी बाटली, दुसऱ्या बाटलीत आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं पाणी मीठ-साखर घालून. सकाळी पेज पोटभर, बरोबर आंबोळ्या किंवा चपाती-गूळ. मोर्चात नाश्ता वाटतील या भरवशावर राहायचं नाही. टोपी. पायांत नवीन चप्पल नको, जुनी सवयीची. एका मुलामागं एक मोठं माणूस, आणि त्या माणसानं त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही : भाषण नाही, सही नाही, फोटो नाही. फोन नंबर हातावर पेनानं लिहिलास तर घामानं तासाभरात पुसला जाईल. कापडाच्या पट्टीवर लिहून शर्टाच्या आतल्या बाजूनं टाक. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नकोस. नावानं हाक मारणाऱ्या परक्या माणसाबरोबर मूल सहज जातं. मूल चुकलं तर त्यानं कुठं उभं राहायचं ती जागा पोचल्याबरोबर दाखव, झाड किंवा कमान, न हलणारं काहीतरी. कर्ण्याच्या टेंपोपासून लांब चाला. मुलाला ओरोस फाट्याच्या पुढं, कचेरी जवळ आल्यावर सामील करून घे. 'शू'ची सोय कुठं आहे ते तिथल्या बाईमाणसाला आधी विचारून ठेव, मुली याच कारणानं पाणी प्यायचं टाळतात.

आणि मूल म्हणालं 'घराक जावया', तर जायचं. त्याच क्षणी. 'आता साहेब येतील, थांब' नाही. तू मनानं मोर्चात असशील आणि तुला ते जड जाईल, म्हणून मुलाबरोबर परत फिरणारं माणूस आधीच ठरव. कुणी हुज्जत घालायला लागलं, ढकलाढकली सुरू झाली, तर मुलानं म्हणायचीही वाट बघू नये.

परतीच्या एसटीत मुलगा नक्की विचारेल, 'मग आता मासे कधी येणार?' त्याला 'उद्या' सांगू नकोस. अलिबाग तालुक्यातल्या चरीची गोष्ट सांग. खोत, म्हणजे गावच्या जमिनीवर हक्क असलेले जमीनदार, पिकातला एवढा वाटा उचलायचे की कसणाऱ्याच्या घरी भात उरत नसे. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी ठरवलं, खोतांची जमीन कसायचीच नाही. संप चालला १९३९पर्यंत, सहा वर्षं. शेतं ओसाड राहिली, घरची भांडी गेली, लोकांनी जंगलातली लाकडं विकून दिवस काढले, पण फुटले नाहीत. पुढं खोतीच कायद्यानं गेली, त्यालाही आणखी दहा वर्षं लागली. सहा वर्षं म्हणजे तुझ्या मुलाचं अख्खं आयुष्य. त्याला बोटांवर मोजून दाखव. त्याला वाट बघण्याची लांबी कळू दे.

पत्र दुसरं

आम्ही महाडजवळ राहतो. २० मार्चला चवदार तळ्यावर दरवर्षी दूरदूरहून लोक येतात. यंदा एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर आम्हीही पाच वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो. तिनं विचारलं, 'पाणी प्यायला एवढी माणसं कशाला?' मी सांगितलं, 'पूर्वी काही लोकांना इथलं पाणी पिऊ देत नसत.' तिनं लगेच विचारलं, 'कोण?' मी गप्प बसलो. आमचं घराणं इथलं जुनं, वरच्या जातीतलं. मी काय सांगायला हवं होतं?
– एक वडील, महाड

'कोण?' याचं उत्तर द्यायला हवं होतं. अजूनही द्या.

मी चौतीस वर्षं मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला शिकवलं. 'पिऊ देत नसत' या वाक्यात कर्ताच नाही. आपल्या भाषेत अशी वाक्यं फार सोयीची असतात, 'मारलं गेलं', 'काढून टाकलं', 'पूर्वी तसं असायचं'. तुमच्या मुलीनं पाचव्या वर्षी नेमकी रिकामी जागा दाखवली. तिला सांगा, 'आपल्यासारख्या घरांतली माणसं. कदाचित आपल्या पणजोबांच्या ओळखीतली. ते चुकीचं होतं.' एवढंच. पाच वर्षांचं मूल याहून जास्त अपराध डोक्यावर घेऊन फिरत नाही. उलट, आपले बाबा खरं सांगतात, हे त्याला पक्कं कळतं.

आठ-नऊ वर्षांची झाली की सगळा क्रम सांगा, कारण त्या क्रमातच मोठी गोष्ट आहे. मुंबई कायदे मंडळानं १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला, म्हणून बोले ठराव म्हणतात तो केला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं झालं, आणि तळ्यावर काहीच बदललं नाही. म्हणून २० मार्च १९२७ला महाडात अस्पृश्य मानलेल्यांच्या परिषदेला आलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर शिस्तीनं चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. वरचं पत्र वाचा : तिथंही नियम आहे, आणि तो पाळला जात नाही म्हणून लोक चालत निघालेत. माणसांना बहुतेक वेळा कायदा झाल्यावरच चालावं लागतं.

त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही, आणि त्यांची संख्या कमी नव्हती. पुढं तळं 'शुद्ध' केलं गेलं. (बघा, मीही कर्ता गाळला. गावातल्या सवर्णांनी ते केलं.) नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा जमले, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आलेला होता. सत्याग्रह पुढं ढकलून बाबासाहेब कोर्टात लढले, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला तो १९३७ साली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. मारहाणीचा भाग पाचव्या वर्षी सांगू नका. पण दहाव्या वर्षापर्यंत लपवूही नका, कारण तुमच्या सहकाऱ्याच्या मुलीला तो निवडायची मुभा कुणी दिलेली नसते. तिला तो लवकर कळतो.

एक विनंती. घरी किंवा शाळेत याचं 'नाटक' करून दाखवू नका, एकाला पाणी नाकारायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. मी एका वर्षी वर्गात ते केलं. ज्या मुलाला मी नाकारलेला माणूस केलं, तो मध्येच रडायला लागला. त्याच्या आजीला हे खरोखर सोसावं लागलं होतं, हे मला नंतर त्याच्या आईनं सांगितलं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तुम्ही मुलीला तळ्याकाठी न्या, हात जोडायला लावा, घरी आल्यावर नळाखाली ओंजळ धरून पाणी पिऊ द्या. तुम्हीही तिच्या शेजारी बसून तसंच प्या.

पत्र तिसरं

मोर्चाला मुलं नेली म्हणून गुन्हा दाखल होतो का? शाळेत काय सांगायचं? आणि फोटो स्टेटसला ठेवले तर चालतात का?
– रत्नागिरी

थोडक्यात सांगते. शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमणं हा घटनेच्या १९व्या कलमानं दिलेला हक्क आहे, आणि मुलांनाही असा हक्क आहे असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारतानं १९९२ साली मान्य केला आहे. पण आयोजकांना दोन गोष्टी विचारा : पोलिसांची परवानगी हातात आहे का, आणि जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे का. मुंबई पोलीस कायदा म्हणायचो तो आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, त्याच्या ३७व्या कलमाखाली हे आदेश निघतात. आदेश आहे आणि परवानगी नाही, तर मुलं घरी. रास्ता रोको, घेराव, प्रकल्पाच्या जागेवर सर्वे अडवायला जाणं, इथं परवानगी असो-नसो, मुलं घरी. तुमच्या जिल्ह्यात अशा जागी लाठी आणि अश्रुधूर कसा होतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथं आईवडिलांनी जायचं की नाही हा त्यांचा निर्णय आहे, मुलाच्या वतीनं तो घेता येत नाही.

शाळेत खरं सांगा. 'ताप होता' असं लिहिलंत तर हक्कानं मागायला गेलो आणि लपूनछपून परत आलो, असं मूल शिकेल. फोटो मात्र नको. चेहरा, शाळेचा गणवेश, गावाचं नाव एका चित्रात आलं की ते मुलाच्या मागं वर्षानुवर्षं राहतं, आणि मोठेपणी त्याचं मत वेगळं असू शकेल. पाठमोरा, हातातल्या पुठ्ठ्यासकट एखादा काढा आणि घरच्या अल्बमात ठेवा. वार्ताहर माइक घेऊन मुलासमोर बसला तर मध्ये तुम्ही उभे राहा.

पत्र चौथं

माझी सून अंगणवाडी सेविका. मानधनासाठी मोर्चा होता तेव्हा नातवाला, वय पाच, ती बरोबर घेऊन गेली होती. तेव्हापासून तो आणि त्याची चुलत बहीण घरात ताट-चमचा वाजवत फिरतात. परवा टीव्ही आठला बंद करायच्या नियमाविरुद्ध दोघांनी देवघरापासून माझ्या खाटेपर्यंत मोर्चा आणला आणि एक कागद दिला. त्यावर रेघोट्या होत्या. घरचे हसले, तो रुसला. याला आवरावं की काय करावं?
– एक आजी, वेंगुर्ला

आजी, हसलात तिथं चुकलं. बाकी सगळं उत्तम चाललंय.

त्यानं काय केलं बघा. अधिकार कोणाकडं आहे ते त्यानं ओळखलं, एकटा न येता जोडीला माणूस घेतलं, चालत आला, आरडाओरडा न करता कागद हातात दिला. तुमच्या सुनेनं त्याला जे दाखवलं ते त्यानं नीट उचललं आहे. आता कचेरी तुम्ही आहात.

त्याला बोलवा, कागद काढा आणि म्हणा, 'वाचून दाखव.' रेघोट्या त्याला वाचता येतील. एकही रेघ न हसता ऐका. मग त्यावर 'पोच' द्या. सुनेला विचारा, तिला ही पोच ठाऊक असेल. निवेदन दिलं की कचेरीत शिक्का आणि तारीख घालून दुसरी प्रत परत देतात, आणि आयोजक ती प्रत सोन्यासारखी जपतात. तुम्ही 'मिळाले' असं लिहून सही करा. त्याची प्रत त्याच्याजवळ, एक तुमच्या डब्यात.

मग खरोखर विचार करा. आठचा नियम का आहे? डोळ्यांसाठी, झोपेसाठी, की सातच्या बातम्यांनंतर मोठ्यांना मालिका बघायची असते म्हणून? तसं असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि नियम बदलायला हवा. झोपेसाठी असेल तर 'नाही' म्हणा, पण कारण सांगून. अर्धं मान्य करता आलं, म्हणजे शनिवारी अर्धा तास जास्त, तर तेही चालेल. चर्चेत काही मिळतं हे त्याला कळेल. फक्त ताट वाजवलं म्हणून लगेच सगळं देऊन टाकू नका, आणि ताट वाजवलं म्हणून काहीच देणार नाही असंही करू नका. ताटाचा आणि उत्तराचा संबंध नाही, हे त्याला दोन-तीनदा दिसलं की वाजवणं आपोआप कमी होईल.

तुम्ही वेंगुर्ल्याच्या. शिरोडा तुम्हाला जवळ. सवड मिळेल तेव्हा नातवाला तिथली मिठागरं दाखवा. मे १९३०मध्ये तिथं लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला, कुठून कुठून माणसं चालत आली होती. पाच वर्षांच्या मुलाला इंग्रज, कर, कायदा यांतलं काही सांगू नका. 'मीठ उचलायला बंदी होती, तरी माणसांनी ते हातांनी उचललं,' एवढंच सांगा आणि खडा जिभेवर ठेवायला द्या. पुढचं तो विचारेल.

आणि टीव्हीचं उत्तर कधी देणार तो दिवस त्याला सांगा. गुरुवार म्हणालात तर गुरुवारी, तो विसरला असला तरी, तुम्ही त्याला हाक मारा.